‘द रेव्हनंट’, २००९ वाला: बघितलेल्यांचे आणि बघू की नको म्हणणाऱ्यांचे तेच तेच प्रश्न

ह्या पिक्चरचं नाव काढलं की दोन तट पडतात. एक म्हणतो अरे काय भारी आहे, दुसरा म्हणतो पाऊण तास बघून बंद केला. आणि दोघांचे प्रश्न ठरलेले. म्हणून एकदाच सगळी उत्तरं लिहून टाकतोय. ज्या प्रश्नापुढे स्पॉयलर लिहिलंय तो पिक्चर बघायच्या आधी वाचू नका, नंतर बोंबलू नका.

हा तो अस्वलवाला ना? डिकॅप्रिओचा?

नाही. नाही. नाही. तो २०१५ चा, अलेहान्द्रो इन्यारितूचा, त्यात लिओनार्दो डिकॅप्रिओला अस्वल फाडतं आणि तो बर्फातून सरपटत सूड घ्यायला निघतो, त्याला त्यासाठी ऑस्कर पण मिळालं. आपण बोलतोय तो त्याच्या सहा वर्षं आधी तयार झालेला छोट्या बजेटचा पिक्चर, डी. केरी प्रायर नावाच्या माणसाने लिहिलेला आणि डिरेक्ट केलेला. ह्यात अस्वल नाही, बर्फ नाही, लॉस एंजेलिसची रात्र आहे आणि एक कुजत चाललेला मित्र आहे. नाव एकच असल्यामुळे ह्या बिचाऱ्याचं प्रचंड नुकसान झालंय, सर्च केलं की पहिलं अस्वलच येतं. शोधताना नावापुढे २००९ टाका नाहीतर हिरोचं नाव टाका, डेव्हिड अँडर्स.

आणि हो, काही ठिकाणी ह्याचं वर्ष २०१२ दिसेल, तेही चूक नाही. २००९ मध्ये तयार होऊन तो फेस्टिव्हलांमध्ये फिरत राहिला आणि अमेरिकेत थिएटरला लागला तो ऑगस्ट २०१२ मध्ये, तोही मोजक्याच ठिकाणी.

स्टोरी काय आहे, फार न सांगता सांग.

बार्ट नावाचा अमेरिकन सैनिक इराकमध्ये मारला जातो. बॉडी घरी येते, अंत्यविधी होतो, रडारड होते, पुरतात. आणि मग एका रात्री तो शवपेटीत जागा होतो, वर येतो, आणि आता कुठे जायचं तर सरळ बेस्ट फ्रेंड जोईच्या घरी. पुढे मग कळतं की बार्टला रक्त मिळालं नाही तर तो सडत जाणार. मग रक्त कुठून आणायचं हा प्रश्न, आणि त्याचं ह्या दोघांनी काढलेलं उत्तर म्हणजे रात्री फिरून गुंडांना गाठायचं. पेपरवाल्यांना वाटतं कोणीतरी गुन्हेगारांचा बंदोबस्त करतंय. इकडे ह्यांची नुसती जेवणाची सोय चाललीय.

एवढंच सांगतो. खरी मजा ह्यात आहे की मेलेला मित्र दारात बघून जोई आधी टरकतो आणि थोड्याच वेळात दोघं पूर्वीसारखेच एकमेकांना शिव्या घालायला लागतात.

तो झोम्बी आहे की व्हॅम्पायर? नक्की काय ते ठरवा.

हा प्रश्न पिक्चरमधली पात्रंसुद्धा विचारतात, त्यामुळे तुम्ही गोंधळलात तर काही बिघडलं नाही. मटिल्डा नावाची त्यांची एक मैत्रीण आहे, जादूटोणा मंत्रतंत्र वगैरेवाली, ती त्यांना समजावते की हा ह्यातला पण नाही आणि त्यातला पण नाही, हा परत आलेला आहे, म्हणजेच रेव्हनंट.

नियम साधारण असे. दिवस उजाडला की गडी खरोखरचं प्रेत होऊन पडतो, हलवा डुलवा काही होत नाही, आणि अंधार पडला की उठतो. अन्न पोटात ठरत नाही, काळंकुट्ट काहीतरी ओकून टाकतो, आणि ते एकदम डिटेलमध्ये दाखवलंय हे जेवताना बघणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. गोळ्या लागल्या तरी फरक पडत नाही. पण जखम भरत पण नाही, शरीर कुजायचं थांबवायला रक्तच पाहिजे.

आता काही लोक चिडतात की हे नियम कुठल्याच शाळेत बसत नाहीत. अहो पण ह्या शाळाच कुठे एवढ्या जुन्या आहेत? ब्रॅम स्टोकरचा ड्रॅक्युला १८९७ चा, तो दिवसा बाहेर हिंडू शकतो. उन्हाने व्हॅम्पायर मरतो ही आयडिया लोकांच्या डोक्यात बसली १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ पासून. झोम्बींचं पण तेच, जॉर्ज रोमेरोच्या १९६८ च्या पिक्चरने सगळा प्रकार सुरू केला म्हणतात, त्यात झोम्बी हा शब्दच कोणी उच्चारत नाही, आणि मेंदू खायचं वेड त्यांना लागलं ते १९८५ च्या ‘रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड’ मध्ये. प्रत्येकाने आपापल्या सोयीने नियम केलेत. प्रायरने एवढंच बघितलं की हिरोला बोलता आलं पाहिजे, लाज वाटली पाहिजे आणि भूक पण लागली पाहिजे, कारण बोलता न येणारा झोम्बी मित्र म्हणून काय कामाचा?

उलट मला तर वाटतं हाच प्रकार जुन्या लोककथांच्या जास्त जवळ आहे. १७२५ मध्ये सर्बियातल्या किसिलेव्हो गावात पेटार ब्लागोयेविच नावाच्या शेतकऱ्याचं प्रेत उकरून काढलं होतं, गावकऱ्यांचं म्हणणं तो रात्री येऊन माणसं मारतो. ऑस्ट्रियाच्या सरकारी अधिकाऱ्यासमोर हे सगळं झालं, त्याने रिपोर्ट पण लिहिला की तोंडाला ताजं रक्त दिसलं. तेव्हा काळा कोट आणि गोरापान देखणा चेहरा वगैरे काही नव्हतं, फुगलेला शेतकरीच होता. बार्ट त्या खानदानातला.

लोकांना एवढा का आवडतो?

जोडीमुळे. बाकी सगळं नंतर. डेव्हिड अँडर्स बार्टच्या रोलमध्ये आणि क्रिस वाइल्ड जोईच्या रोलमध्ये, दोघांना बघून खरंच वाटतं की हे खूप वर्षं एकमेकांच्या जिवावर जगलेत. अँडर्स सगळं शांतपणे करतो, म्हणजे माणूस सडतोय पण चेहऱ्यावर भाव असा की यार आज जरा बरं वाटत नाहीये, आणि वाइल्ड म्हणजे अखंड बडबड. ज्यांना आवडला त्यांच्या तोंडून सगळ्यात जास्त ऐकू येणारी गोष्ट हीच की भुताखेतापेक्षा दोस्तीच लक्षात राहिली.

त्यात जोईचा मुद्दा मला विशेष वाटतो. नीट बघा, मित्र मेला हे त्याला झेपलेलंच नाहीये. त्यामुळे मित्र परत आल्यावर तो डॉक्टर, पोलीस, बार्टची गर्लफ्रेंड, कोणाकडे धावत नाही, त्याला हा चान्स सोडायचाच नाहीये. मग मित्राला रक्त लागतं तर रक्त आणू, माणसं मारावी लागतात तर तेही बघू. पिक्चर हे कुठेही डायलॉगमधून सांगत नाही, फक्त जोई प्रत्येक वेळी एक पाऊल अजून पुढे टाकताना दिसतो आणि आपण हसत हसत त्याच्या मागे जातो, आणि मग मध्येच लक्षात येतं की अरे आपण कशाला हसतोय.

मग अर्ध्यात सोडणारे एवढे का?

लांबी. सरळ सांगतो, जवळजवळ दोन तासांचा आहे आणि हॉरर कॉमेडीला दोन तास म्हणजे फार झाले, दीड तासात आटोपायला पाहिजे होतं. सुरुवातीचा भाग घट्ट आहे, बार्ट उठतो, जोईच्या घरी येतो, रक्ताची भानगड कळते, इथपर्यंत कोणी उठत नाही. मधला गुंड मारायचा भाग मात्र रिपीट होतो, एक गुंड, दुसरा गुंड, बंदुका, पैसे, दारू, परत बंदुका. तिथे लोक मोबाईल उघडतात.

मी तर म्हणेन मधली वीस मिनिटं कापली असती तर हा पिक्चर आज दहापट लोकांना माहीत असता. पण लिहिणारा तोच आणि डिरेक्टर पण तोच असला की असं होतं, स्वतःच्या सीनवर कात्री कोण चालवणार.

सोडणाऱ्यांना एकच सांगणं आहे, तुम्ही नेमकं चुकीच्या जागी सोडलंत. शेवटचा अर्धा तास हा ह्या पिक्चरचा सगळ्यात चांगला भाग आहे आणि तो मधल्या त्या बाष्कळपणाचीच वसुली करतो.

नक्की कॉमेडी आहे की हॉरर? मला सांगितलं होतं हसायचा पिक्चर आहे.

पहिला अर्धा कॉमेडी, मग हळूहळू कॉमेडी आटत जाते आणि शेवटी उरतं ते बऱ्यापैकी काळं. भीती म्हणाल तर दचकवणारे प्रसंग फारसे नाहीत, किळस भरपूर आहे.

निम्मी भांडणं ह्याच्यावरूनच होतात. ज्यांना शेवटपर्यंत धमाल पाहिजे होती ते म्हणतात डिरेक्टरचा तोल गेला. ज्यांना शेवट आवडला ते म्हणतात सुरुवातीचा पांचटपणा कशाला. माझं मत असं की दोन्ही एकमेकांशिवाय चालत नाहीत, कारण सुरुवातीला आपण ह्या दोघांवर हसलोच नसतो तर नंतर त्यांच्यासोबत जे होतं त्याचं काही वाटलंच नसतं. तरी ट्रेलर बघून गेलेल्यांची तक्रार मी समजू शकतो, ट्रेलर आणि पोस्टर असल्या पिक्चरला नेहमीच नुसती मजामस्ती म्हणून विकतात.

जोई मला असह्य झाला. त्याचे जोक्स तर अतिच.

जोईच्या जिभेला हाड नाही हे खरंय. बायका, धर्म, वंश, कोणालाच सोडत नाही, आणि त्यातले बरेच जोक २००९ मध्ये पण जुनेच वाटले असतील. त्यात रात्री ज्यांची शिकार होते ते गुंड ठरावीक साच्यातले आहेत, टॅटू, टक्कल, बंदूक, संपलं. ह्याच्यावर नाराज होणाऱ्या प्रेक्षकांशी मी वाद घालत नाही, त्यांचा पॉइंट बरोबर आहे.

फक्त एक फरक करा. पिक्चर जोईला शहाणा म्हणत नाही. जोई हा मोठा न झालेला माणूस आहे, आणि त्याचं हे मोठं न होणंच पुढे त्याला खड्ड्यात घालतं. पण गुंडांना चेहरा न देणं ही मात्र लिहिणाऱ्याची आळशीपणाची जागा आहे, तिथे बचाव नाही.

गुन्हेगारांचंच रक्त पितात ना, मग ते चांगलेच झाले की?

इथे पिक्चर लबाड आहे आणि मला ही लबाडी आवडते. पहिल्यांदा तुम्हाला वाटतं ठीक आहे, दरोडेखोरच होता, स्वतःच बंदूक घेऊन आला होता. मग ते लोक शोधायला बाहेर पडतात. मग त्यांना त्यात गंमत वाटायला लागते. मग कोण गुन्हेगार हे ठरवायला ते फारसा वेळ घालवत नाहीत. एका पायरीवरून दुसरी पायरी इतकी सहज येते की कुठल्या पायरीवर आपण उतरायला पाहिजे होतं ते सांगता येत नाही.

नाक्यावर उभं राहून फटके देणाऱ्या हिरोचे जे पिक्चर असतात ना, त्यांची ही टिंगल आहे. फरक एवढाच की त्या हिरोला न्याय पाहिजे असतो आणि ह्याला भूक लागलीय. आणि बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सेमच दिसतं!

ते डोक्याचं सीन काय आहे, सगळे त्याच्याबद्दलच बोलतात? (स्पॉयलर)

बोलणारच. एव्हाना जोई पण बार्टसारखाच झालेला असतो, आणि त्याचं डोकं धडावेगळं होतं. आता ह्यांच्या नियमाप्रमाणे डोकं मरत नाही. डोळे फिरतायत, ओठ हलतायत, काहीतरी जिवाच्या आकांताने सांगतोय पण आवाज नाही, कारण आवाजाला हवा लागते आणि फुफ्फुसं तर राहिली धडाकडे. मग बार्ट एक व्हायब्रेटर शोधून काढतो आणि त्याच्या कापलेल्या गळ्याला लावतो. आणि जोई बोलायला लागतो, एकसुरी, घरघरत्या, मशीनसारख्या आवाजात.

थिएटरमध्ये आधी लोक खो खो हसतात. वस्तूच तशी आहे. आणि मग तो काय बोलतोय ते कानावर पडायला लागतं आणि हसू कमी कमी होत जातं. अख्ख्या पिक्चरभर जो माणूस एक क्षण गप्प बसला नाही त्याला आता बोलायला मित्राच्या हाताची गरज आहे, बार्टने हात काढला की आवाज बंद. इतकी अश्लील वस्तू आणि इतकं वाईट वाटायला लावणारं सीन, हे एकाच फ्रेममध्ये जमवणारे मी तरी फार बघितले नाहीत.

गंमत म्हणजे हे अगदीच हवेत नाही. कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढावं लागलेली माणसं गळ्याला एक इलेक्ट्रॉनिक यंत्र लावून बोलतात, ते थरथर निर्माण करतं आणि जीभ ओठ हलवून माणूस त्या थरथरीचे शब्द करतो. तिथेही आवाजासाठी फुफ्फुसातली हवा लागत नाही. म्हणजे कोणीतरी बसून नीट विचार केलाय की मुंडक्याला बोलतं करायचं तर कसं करता येईल.

इराकचं काय एवढं? मला ते जबरदस्ती घुसवल्यासारखं वाटलं.

मला उलट वाटतं की ते काढलं तर पिक्चरच राहत नाही. अमेरिकेने इराकवर हल्ला केला मार्च २००३ मध्ये, शेवटचं सैन्य बाहेर पडलं डिसेंबर २०११ मध्ये. म्हणजे पिक्चर तयार झाला तेव्हा युद्ध चालू होतं आणि थिएटरला लागला तेव्हा संपून गेलं होतं. आणि अजून एक, परदेशात मेलेल्या सैनिकांच्या शवपेट्या डोव्हर नावाच्या हवाई तळावर उतरतात, तिथे फोटो काढायला मीडियाला १९९१ पासून बंदी होती, ती उठली २००९ मध्ये. इतकी वर्षं मेलेले सैनिक घरी येत होते आणि लोकांना दिसत नव्हते. त्या काळात एक माणूस असा पिक्चर काढतो ज्यात मेलेला सैनिक पेटीतून बाहेर येऊन दार वाजवतो. आता ह्याला घुसवलेलं कसं म्हणायचं?

आणि बघा ना, बार्ट परत आल्यावर त्याला करता काय येतं? बंदूक चालवता येते. रात्री फिरून माणसं मारता येतात. बाकी नोकरी नाही, घर नाही, गर्लफ्रेंडकडे जायला तोंड नाही. हे जिवंत परत आलेल्या सैनिकांबद्दल पण तितकंच खरं आहे, पिक्चर भाषण न देता तेवढं बोलून जातो.

मेलेला सैनिक परत येण्याची आयडिया जुनी आहे हे मान्य. आबेल गान्स ह्या फ्रेंच दिग्दर्शकाने १९१९ मध्येच ‘जाक्यूज’ मध्ये पहिल्या महायुद्धातले मेलेले उठवून गावात चालवत आणले होते. १९७४ मध्ये बॉब क्लार्कचा ‘डेथड्रीम’ आला, त्यात व्हिएतनाममध्ये मेलेला मुलगा आईबापांकडे परत येतो आणि त्यालाही सडू नये म्हणून रक्त लागतं. आणि २००५ मध्ये जो डान्टेचा ‘होमकमिंग’, त्यात इराकमधले मेलेले सैनिक उठून मत द्यायला जातात. ‘डेथड्रीम’ तर ह्याचा थोरला भाऊच. फक्त तिथे आईबाप आहेत आणि इथे मित्र आहे, त्यामुळे तिथे शोकांतिका होते आणि इथे आधी पार्टी होते.

मेकअप कॉम्प्युटरवरचा आहे का? कमी बजेटमध्ये इतका चांगला कसा?

प्रायर हा मुळात स्पेशल इफेक्ट्सवाला माणूस, २००२ च्या ‘बब्बा हो-टेप’ मध्ये त्याने इफेक्ट्सचं काम केलं होतं. त्यामुळे पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे हे त्याला कळतं. पडद्यावर दिसणारी बहुतेक घाण अंगावर लावलेली, ओतलेली आहे आणि ते जाणवतं.

कुजण्याचा क्रमही बराच विचार करून ठेवलाय. मेल्यावर काही तासांत शरीर ताठरतं आणि दीड दोन दिवसांत परत सैल पडतं, मग आतले जंतू काम सुरू करतात, वायू धरतो, पोट फुगतं, आणि तोंडानाकातून काळपट लाल पाणी बाहेर येतं. त्या किसिलेव्होच्या प्रेताच्या तोंडाला दिसलेलं रक्त बहुतेक हेच. बार्ट जे काळं ओकतो ते त्यामुळे उगाच किळस म्हणून टाकलेलं वाटत नाही. रक्त प्यायला की चेहरा जरा सुधारतो, उपाशी राहिला की परत उतरतो, आणि ही चढउतार अँडर्सच्या चालण्यात पण दिसते, मेकअपवर भार टाकून तो मोकळा झालेला नाही.

बार्टच्या गर्लफ्रेंडचं, जॅनेटचं कॅरेक्टर वाया घालवलं असं नाही वाटत?

वाटतं. लुईस ग्रिफिथ्सने काम चांगलं केलंय पण तिला रडणं आणि घाबरणं ह्याच्यापलीकडे लिहिलेलंच नाही. जिच्यासाठी बार्ट तडफडतो ती बाई माणूस म्हणून आपल्याला कळतच नाही. मटिल्डाला निदान चार खमंग वाक्यं तरी मिळालीत.

शेवट कळला नाही. किंवा कळला पण पटला नाही. (स्पॉयलर)

बार्ट एका ठिकाणी पोचतो जिथे त्याला मरायचंय आणि मरता येत नाही. तोपर्यंत मित्र गेलाय, प्रेम गेलंय, चांगलं काम करतोय हा आव पण गळून पडलाय. मग सबवेतला तो प्रसंग, जिथे आतापर्यंत ठेवलेला गुन्हेगारांचाच जीव घ्यायचा नियम उघडपणे मोडतो. आणि मग सैन्य त्याला ताब्यात घेतं आणि परत युद्धावर पाठवतं, आता सैनिक म्हणून नाही, हत्यार म्हणून.

बऱ्याच लोकांना हे शेवटचं वळण अचानक वाटतं, आणि मान्य आहे की ते घाईत उरकलंय, मध्ये गुंडांवर इतका वेळ घालवलात तर इथे पाच मिनिटं जास्त द्यायची होती. पण पटलं नाही असं म्हणणाऱ्यांनी पहिलं सीन आठवावं. सुरुवात कुठे झाली होती? ज्या संस्थेने त्याला पहिल्यांदा पेटीत घालून आणलं तीच परत पेटीत घालून नेते. जो माणूस मरत नाही, थकत नाही, ज्याला पगार पेन्शन काही लागत नाही, असा सैनिक कोणत्या लष्कराला नको असेल? मला तर ह्या पिक्चरमधला सगळ्यात कडू जोक हाच वाटतो.

घरच्यांसोबत बघता येईल का?

नाही हो. शिव्या, रक्त, ओकाऱ्या आणि वर सांगितलेली ती वस्तू. मुलांना तर अजिबात नको. एकट्याने बघण्यापेक्षा एखाद्या जुन्या मित्रासोबत बघा, शक्यतो ज्याच्याशी तुमचं अर्धं संभाषण शिव्यांमध्येच चालतं अशासोबत. तो तुम्हाला नक्की विचारणार, मी असा आलो तर तू दार उघडशील का. उत्तर तयार ठेवा.

हा आवडला तर अजून काय बघू?

मेलेला मित्र ह्या विषयात सगळ्यात वरती १९८१ चा ‘अॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’. त्यातला मेलेला जॅक प्रत्येक भेटीत अजून थोडा सडलेला येतो आणि तितक्याच मजेत गप्पा मारतो, मेकअप रिक बेकरचा, त्याला ऑस्कर मिळालं. १९८८ चा ‘डेड हीट’ मध्ये पोलिसांची जोडी आहे, त्यातला एक मेलेला, पिक्चर म्हणून कामचलाऊ पण ह्या प्रकारात बघायलाच हवा. २०११ चा ‘डेडहेड्स’ जरा गोड आहे, दोन शुद्धीतले झोम्बी गर्लफ्रेंडला भेटायला रोड ट्रिपला निघतात, आणि तो काढणाऱ्या दोघा भावांच्या वडिलांनी १९८१ च्या ‘ईव्हिल डेड’ चे इफेक्ट्स केले होते, म्हणजे धंदा घरातलाच.

दोन बायकांची जोडी पाहिजे असेल तर १९९२ चा ‘डेथ बिकम्स हर’, मेरिल स्ट्रीप आणि गोल्डी हॉन, मैत्रिणी कमी आणि वैरिणी जास्त. ‘शॉन ऑफ द डेड’ तुम्ही बघितलेलाच असणार. आणि मराठीत म्हणाल तर आदित्य सरपोतदारचा २०२२ चा ‘झोंबिवली’ आहे, तो जोडीपेक्षा टोळीचा पिक्चर आहे आणि त्याचा राग वेगळ्या गोष्टीवर आहे, पण हसवता हसवता चिमटा काढायचं काम तो पण करतो.

सिक्वेल आहे का? आणि तो हिरो नंतर कुठे गेला?

सिक्वेल नाही, आणि शेवट बघता नसलेलाच बरा, पुढची गोष्ट सुरू झाली की ती युद्धपटच होणार आणि त्यात जोई नसणार. मग बघायचं कशासाठी?

अँडर्सचं म्हणाल तर ह्याच्या आधी तो ‘एलियस’ सिरियलमध्ये व्हिलन म्हणून गाजला होता. आणि २०१५ पासून ‘आय झोम्बी’ नावाच्या सिरियलमध्ये परत मेलेलाच झाला, तिथे ब्लेन नावाचा बदमाश झोम्बी आहे जो दुसऱ्या झोम्बींना मेंदू विकून पैसे कमावतो. बार्टला जे फुकटात मिळवताना नाकी नऊ आले होते त्याची ह्याने दुकानदारीच मांडली. ते कॅरेक्टर ज्यांना आवडलं त्यातलेच बरेच लोक मागे येत येत ह्या पिक्चरपर्यंत पोचतात, आणि मग पहिला प्रश्न विचारतात तो अस्वलाचाच.